वस्तादाची वंशावळ : रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार

१/
लातूर जिल्ह्याच्या निलंगा तालुक्यात रामलिंग मुदगड नावाचे गाव आहे. या गावच्या एका मल्लाने १९६९ साली 'महाराष्ट्र केसरी' हा किताब मिळवला, १९७० साली स्कॉटलंडमधील एडिंबरो येथे राष्ट्रकुल स्पर्धेचे सुवर्णपदक जिंकले आणि १९७७ साली बेळगावात दिल्लीच्या सतपाल यांना पराभूत केले. या मल्लाचे नाव हरिश्चंद्र बिराजदार. आजचा हा धागा त्यांच्याविषयी आहे.

२/
परंतु केवळ या तीन विजयांसाठी हा धागा लिहिलेला नाही. बिराजदारांच्या आयुष्याचे दोन कालखंड पडतात. पहिल्यात ते स्वतः लढले, दुसऱ्यात त्यांनी इतरांना लढायला शिकवले. पहिल्या कालखंडाच्या तारखा सापडतात, किताब सापडतात. दुसऱ्याची नोंद मात्र शिष्यांच्या नावांतच शोधावी लागते. मराठवाड्याच्या कुस्तीवर अधिक खोल ठसा कोणत्या कालखंडाने उमटवला, हा आपला प्रश्न आहे.

३/
आधी भूमी पाहू. बिराजदारांचा जन्म १९५० सालचा. त्यापूर्वी दोनच वर्षे, १७ सप्टेंबर १९४८ रोजी, हैदराबाद संस्थानातील निजामी राजवट संपली होती. आजचा लातूर जिल्हा तेव्हा अस्तित्वातच नव्हता. निलंगा हा तेव्हा बीदर जिल्ह्याचा भाग होता आणि लातूर जिल्हा स्वतंत्र झाला तो १९८२ साली. म्हणजे ज्यांना आपण 'लातूरचे मल्ल' म्हणतो, त्यांचा खेळण्याचा बहुतेक काळ लातूर जिल्ह्याच्या जन्मापूर्वीचा आहे.

४/
या भागात कुस्ती नव्हती असे मुळीच नाही. लातूरच्या सिद्धेश्वर-रत्नेश्वराच्या यात्रेत कुस्त्यांचा फड रंगतो. नांदेड जिल्ह्याच्या लोहा तालुक्यातील माळेगावी खंडोबाची मोठी यात्रा भरते, तिथेही कुस्त्यांची दंगल हे एक मुख्य आकर्षण असते. गावोगावच्या जत्रांत नारळाच्या कुस्तीपासून आरंभ होतो आणि दिवस कलता कलता मानाची कुस्ती लागते. पोरे तयार होत होती, अंगात रग होती, हौसही होती.

५/
उणीव होती ती पुढच्या पायरीची. जत्रेतली कुस्ती मारणारा मुलगा मोठ्या मैदानाचा मल्ल व्हायचा तर त्याला तीन गोष्टी लागतात : रोजचा खुराक, तोलामोलाचे जोडीदार आणि डोळ्यांत तेल घालून पाहणारा वस्ताद. दूध, तूप, बदाम यांचा खर्च शेतकरी घराला वर्षानुवर्षे झेपत नाही. आणि गावात आपल्याहून बलवान कोणी उरला नाही, की तिथे शिकणेही थांबते.

६/
पश्चिम महाराष्ट्रात ही पायरी होती, कारण ती एका राजाने बांधली होती. राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात मल्लांना आश्रय दिला, तालमी उभ्या राहिल्या आणि खासबागेचे प्रशस्त मैदान १९१२ साली कुस्तीसाठी सिद्ध झाले. गंगावेस, मोतीबाग, शाहूपुरी ही त्या नगरीतील तालमींची नावे कुस्तीशौकिनांना तोंडपाठ असतात. निजामी मराठवाड्यात खेड्यापाड्यांतील मुलांसाठी अशी व्यवस्था झाली नाही.

७/
म्हणून मराठवाड्यातील होतकरू मल्लाची वाट घर सोडण्यापासून सुरू होत असे. बिराजदारही याच वाटेने कोल्हापूरला गेले. तालमीतील जीवन कठोर असते. पहाटे काळोखात उठायचे, जोर-बैठका मारायच्या, हौदातील लाल माती खोऱ्याने उकरायची, मग लढत. दुपारी विश्रांती, संध्याकाळी पुन्हा मेहनत. माती नुसती माती नसते, तिच्यात ताक, तेल, हळद, लिंबू मिसळून ती मऊ राखावी लागते. स्वयंपाक, धुणी, झाडलोट हे सारे मुलांनीच करायचे.

८/
या मेहनतीचे पहिले मोठे फळ १९६९ साली मिळाले. 'महाराष्ट्र केसरी' हा किताब १९६१ पासून सुरू झाला होता आणि त्याची पहिली स्पर्धा औरंगाबादेत झाली होती. १९६९ ची स्पर्धा लातुरात भरली. त्या वेळी बिराजदारांचे वय अवघे एकोणीस. कोल्हापुरात घडलेला मुलगा आपल्याच मुलखातील आखाड्यात उतरला आणि राज्याचा पहिल्या क्रमांकाचा मल्ल ठरला. मराठवाड्याच्या दृष्टीने हा क्षण केवढा मोठा होता, हे वेगळे सांगायला नको.

९/
पुढच्याच वर्षी, जुलै १९७० मध्ये, ते एडिंबरोला पोहोचले. राष्ट्रकुल स्पर्धेत कुस्तीचे दहा वजनगट होते. त्यांपैकी पाच गटांत भारताने सुवर्ण मिळवले. त्या संपूर्ण स्पर्धेत भारताच्या वाट्याला आलेली सुवर्णपदके एवढीच, म्हणजे पाचही कुस्तीतील. त्यांपैकी एक बिराजदारांचे होते. याच चमूत सांगली जिल्ह्यातील कवठेपिरानचे मारुती माने होते, त्यांनी सर्वांत वरच्या वजनगटात रौप्यपदक मिळवले.

१०/
इतिहासाच्या अभ्यासकांसाठी एक बारकावा. त्या स्पर्धेच्या इंग्रजी निकालयाद्यांत बिराजदारांचे आडनाव शोधू लागलात तर गोंधळ होईल. 'हरिश्चंद्र' सापडते, पण आडनावाच्या जागी भलताच अपभ्रंश उमटलेला दिसतो. ज्याने सुवर्ण जिंकले त्याचे नावही परक्या कारकुनाच्या हातून असे निसटते. तेव्हा कुठलेही पदक न मिळवता चाळीस पोरे घडवणाऱ्या वस्तादांच्या नोंदींचे काय होत असेल, याची कल्पना करा.

११/
एडिंबरोच्या यशाचे मोल कळण्यासाठी माती आणि मॅट यांतील अंतर समजून घ्यायला हवे. मातीतील पारंपरिक निकाली कुस्तीत निकाल एकच : प्रतिस्पर्ध्याची पाठ जमिनीला लागली की कुस्ती संपली. तोवर कितीही वेळ जाऊ शकतो. मल्ल खडाखडी करतो, दम पाहतो, वाट पाहतो. पोटावर पालथा पडून तो सावरूही शकतो, त्याने त्याचे काही बिघडत नाही.

१२/
मॅटवर हिशेब निराळा. तिथे मिनिटे मोजलेली असतात, प्रत्येक पकडीला गुण असतात आणि वर्तुळाबाहेर जाणे अंगलट येते. मातीत जी सावधगिरी शहाणपणाची, तीच मॅटवर पराभवाचे कारण ठरते. पायांखालचा पृष्ठभाग वेगळा, म्हणून पाय टाकण्याची लयही वेगळी. मातीत घडलेल्या विशीतल्या तरुणाने परमुलखात मॅटवर सुवर्ण घेणे म्हणजे जवळजवळ दुसरी भाषा शिकून तीत काव्य रचण्यासारखे होते. हा अनुभव पुढे वस्ताद म्हणून त्यांच्या कामी येणार होता.

१३/
त्यानंतर त्यांच्या नावामागे 'रुस्तुम-ए-हिंद' ही पदवी लागली, राज्याबाहेरच्या मैदानांवरून बोलावणी येऊ लागली. तो काळ इनामी कुस्त्यांच्या भरभराटीचा होता. भिंतींवर जोडीची पत्रके लागत, बैलगाड्या आणि एस.टी. भरभरून लोक मैदानाला येत आणि एखाद्या कुस्तीची चर्चा पुढचे वर्षभर पारावर चाले. महाराष्ट्राचे मल्ल विरुद्ध दिल्लीचे मल्ल ही चुरस त्या दशकात विशेष गाजली.

१४/
दिल्लीच्या बाजूचे सर्वांत मोठे नाव म्हणजे सतपाल. ते गुरू हनुमान यांचे पट्टशिष्य. १९७४ साली ख्राइस्टचर्चच्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य, त्याच वर्षी आशियाई स्पर्धेत कांस्य आणि अर्जुन पुरस्कार, असा त्यांचा लौकिक होता. वयाने ते बिराजदारांपेक्षा सुमारे पाच वर्षांनी लहान होते आणि ऐन भरात होते. १९७७ साली बेळगावात या दोघांची कुस्ती झाली आणि ती बिराजदारांनी जिंकली.

१५/
बेळगावच्या त्या निकालाची आठवण जुन्या पिढीतील कुस्तीशौकीन आजही काढतात. मात्र त्या पराभवाने सतपाल संपले नाहीत. १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत त्यांनी सुवर्ण जिंकले. एका कुस्तीने कोणाचेही आयुष्य ठरत नाही, हे दोघांच्याही पुढच्या वाटचालीने दाखवून दिले. आणि गंमत अशी, की बेळगावच्या आखाड्यात समोरासमोर उभे असलेले हे दोन्ही मल्ल पुढे गुरू म्हणून ओळखले गेले.

१६/
इथून दुसरा कालखंड सुरू होतो. मल्लाचे तारुण्य अल्पायुषी असते. पस्तिशीच्या आसपास शरीर उत्तर देऊ लागते आणि मग प्रश्न उभा राहतो की या विद्येचे करायचे काय. कित्येक नामांकित मल्ल गावी परतले, शेतीत रमले, सत्काराच्या नारळ-फेट्यांपुरते उरले. बिराजदारांनी पुणे गाठले आणि तिथल्या गोकुळ वस्ताद तालमीत ते मुलांना घडवू लागले. पैलवान मंडळी त्यांना आदराने 'मामा' म्हणत.

१७/
वस्ताद म्हणजे केवळ डाव शिकवणारा नव्हे. कोणत्या मुलाने आज किती जोर मारायचे, कोणाचा खुराक वाढवायचा, कोणाची जोड कोणाशी लावायची, कोणाला मैदानात उतरवायचे आणि कोणाला अजून सहा महिने थांबवायचे, हे सारे त्याला ठरवावे लागते. अवेळी मोठ्या जोडीत उतरवलेला मुलगा कायमचा खचतो. गावाकडे आजारी बाप असतो, पैशांची ओढ असते, मुलगा गप्प गप्प होतो. तेही वस्तादालाच ओळखावे लागते.

१८/
अमेरिका आणि मेक्सिको या देशांत लोकप्रिय असलेल्या बेसबॉलमध्ये एक मजेदार प्रथा आहे. तिथे संघाचा 'मॅनेजर' हा बहुधा जुना खेळाडूच असतो आणि तो सामन्याच्या वेळी खेळाडूंसारखाच गणवेश घालून बसतो. मी अजून तुमच्यातलाच आहे, असे जणू तो वेष सांगतो. आपल्याकडे लांग कसून हौदात उतरणारा वस्ताद हेच सांगत असतो. ज्याने स्वतः मार खाल्ला आहे त्याच्याच शब्दाला तालमीत वजन असते.

१९/
मराठवाड्याच्या दृष्टीने पुण्यातील या तालमीचे महत्त्व आणखी एका कारणाने होते. घर सोडून कोल्हापूर गाठणाऱ्या बिराजदारांच्या पिढीला तिथे आपल्या मुलखाचा वस्ताद सापडणे दुर्मीळ होते. आता पुण्यात एक असा माणूस होता, ज्याला निलंगा, औसा, पाटोदा ही गावे ठाऊक होती, जो त्याच बोलीत रागावत होता आणि ज्याने तीच वाट स्वतः तुडवली होती. जी पायरी राजाश्रयाने मिळाली नव्हती, ती एका मल्लाने आपल्या उत्तरायुष्याने बांधली.

२०/
या पायरीवरून वर गेलेले पहिले मोठे नाव काका पवार. लातूरजवळच्या साई गावचा हा मल्ल बिराजदारांच्या हाताखाली तयार झाला. ग्रीको-रोमन हा कुस्तीचा प्रकार मातीतल्या मुलांना परका वाटतो, कारण त्यात कमरेखाली पकड करता येत नाही, पायांचा वापर चालत नाही. पट काढण्यावर भिस्त ठेवणाऱ्या आपल्या परंपरेला ही मोठीच अडचण. पवारांनी याच प्रकारात नाव कमावले आणि १९९८ सालचा अर्जुन पुरस्कार मिळवला.

२१/
दुसरे नाव राहुल आवारे. बीड जिल्ह्यातील पाटोद्याचा हा मुलगा, वडीलही पैलवान. तोही पुण्याला बिराजदारांकडे आला. २००८ साली पुण्यातच झालेल्या राष्ट्रकुल युवा स्पर्धेत त्याने सुवर्ण जिंकले, तेव्हा तो सोळा वर्षांचा होता. मामांनी आपल्या या शिष्याचे हे यश डोळ्यांनी पाहिले.

२२/
त्याआधी, २००६ साली, बिराजदारांना केंद्र सरकारचा ध्यानचंद पुरस्कार मिळाला होता. २००२ पासून सुरू झालेला हा सन्मान अशा खेळाडूंसाठी होता, ज्यांनी स्वतः खेळून नाव कमावले आणि निवृत्तीनंतरही खेळाची सेवा चालू ठेवली. त्यांचे एडिंबरोचे सहकारी मारुती माने यांना तो आदल्याच वर्षी लाभला होता. सुवर्णपदकानंतर छत्तीस वर्षांनी राष्ट्राने या आयुष्याचे दोन्ही भाग एकत्र वाचले.

२३/
सप्टेंबर २०११ मध्ये हरिश्चंद्र बिराजदार यांचे निधन झाले. वय एकसष्ट. तालमीत वस्ताद जातो तेव्हा मुले पोरकी होतात, हे केवळ बोलण्यापुरते नसते. रोजच्या मेहनतीचा क्रमच तुटतो, काहीजण गावी परततात, काहींची उमेद संपते. राहुल आवारे तेव्हा विशीच्या उंबरठ्यावर होता. त्याला पुढे सांभाळले ते काका पवारांनी, म्हणजे मामांच्याच थोरल्या शिष्याने. गुरू गेला, तरी परंपरा तुटली नाही.

२४/
एप्रिल २०१८, ऑस्ट्रेलियातील गोल्ड कोस्ट. राष्ट्रकुल स्पर्धेच्या ५७ किलो गटाच्या अंतिम फेरीत राहुलने कॅनडाच्या स्टीव्हन ताकाहाशीला १५-७ असे हरवले आणि सुवर्ण जिंकले. ते पदक त्याने आपल्या दिवंगत गुरूंना अर्पण केले. एडिंबरोच्या सुवर्णानंतर अठ्ठेचाळीस वर्षांनी तेच पदक त्याच तालमीच्या वंशात परतले. पुढच्या वर्षी जागतिक स्पर्धेत राहुलने ६१ किलो गटात कांस्यही मिळवले.

२५/
आता बेळगावच्या आखाड्याकडे एकदा पुन्हा पाहू. सतपाल यांनी दिल्लीच्या छत्रसाल स्टेडियममध्ये शिष्य घडवले. सुशील कुमारने २००८ आणि २०१२ मध्ये, तर योगेश्वर दत्तने २०१२ मध्ये ऑलिंपिक पदक आणले. सतपाल यांना २००९ साली द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला. बिराजदारांच्या परंपरेत ऑलिंपिक पदक आले नाही. १९७७ मध्ये जिंकलेला वस्ताद नंतरच्या मोजणीत मागे पडला, असे कोणी म्हणू शकेल.

२६/
परंतु ही तुलना करताना दोघांच्या पायांखालची जमीनही पाहायला हवी. एकाच्या मागे राजधानीतील सरकारी स्टेडियम होते, दुसऱ्याच्या मागे पेठेतील जुनी तालीम. १९५२ साली हेलसिंकीला खाशाबा जाधव यांनी कांस्यपदक आणले, तेव्हा स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होते. त्यानंतर महाराष्ट्राने मैदाने गाजवली, किताब वाटले, फेटे बांधले. मॅट, आहारतज्ज्ञ आणि वर्षभराच्या आंतरराष्ट्रीय सरावाची व्यवस्था मात्र उशिरा आली. त्या उणिवेचा भार एकेका वस्तादाने आपल्या खांद्यावर वाहिला.

२७/
या परंपरेची तिसरी पिढी जानेवारी २०२० मध्ये सर्वांनी पाहिली. पुण्याच्या बालेवाडीत 'महाराष्ट्र केसरी'ची अंतिम लढत नाशिकचा हर्षवर्धन सदगीर आणि लातूरचा शैलेश शेळके यांच्यात झाली. दोघेही काका पवारांचे शिष्य, एकाच संकुलात राहून सराव करणारे. हर्षवर्धन निसटत्या गुणांनी जिंकला आणि त्याने हरलेल्या शैलेशला खांद्यावर उचलून घेतले. किताब एकाला मिळाला, पण त्या दिवशी दोन्ही बाजूंनी लढत होती ती एकच तालीम.

२८/
सारांश एवढाच. १९६९ साली लातुरातून निघालेली ही गोष्ट एका माणसाच्या विजयाची म्हणून सुरू झाली आणि पन्नास वर्षांनी अनेकांच्या विजयाची झाली. किताब मिळवणारा दरवर्षी एकच असतो. त्या किताबापर्यंत पोहोचण्याची पायरी बांधणारा मात्र पिढीत एखादाच निघतो, आणि त्याच्या कामाची यादी कोणत्याही निकालपत्रकात नसते.

२९/
शेवटी वाचकांना एक विनंती. नांदेड, लातूर, बीड, धाराशिव, परभणी, कुठेही तुमच्या गावात जुनी तालीम असेल, तर तिथे कोण वस्ताद होते, त्यांनी कोणाला घडवले, त्यांच्या हाताखालचा कोणता मुलगा कुठवर गेला, हे वडीलधाऱ्यांना विचारून लिहून ठेवा. नाव, गाव, अंदाजे साल, एवढे पुरे. ज्या माणसांनी ही माती मऊ राखली, त्यांचा इतिहास त्या मातीतच पुरून जाऊ नये.

(धागा समाप्त)